शहापूर सोडून सेलमध्ये कशाला? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, परत सकाळी वाचली, आणि दोन ओळींत 'धन्यवाद, नोंद घेतली' लिहून मोकळं व्हावं असं वाटलं नाही, म्हणून आज दुपारी मशीन बंद करून लिहायला बसलेय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की पाडव्याच्या तोंडावर आपल्या बेळगावातल्या एका मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये उन्हाळी कपड्यांचा आणि घरसामानाचा सेल लागलाय, तिथे काय घ्यावं, काय सोडावं. त्यावर काका लिहितात, "ताई, तुम्ही वडगावात राहता, शिवणकाम करता, आणि शहापूरच्या साडीचं नावसुद्धा न काढता लोकांना काचेच्या दुकानात पाठवता. सेल म्हणजे भाव चढवून उतरवायचा खेळ. आपला पैसा बाहेर चाललाय आणि तुम्ही त्याला वाट दाखवायलाय." शेवटी असंही लिहिलंय की त्यांच्या घरात माग आहे आणि तो आता महिन्यातले निम्मे दिवस बंद असतो.

पहिल्यांदा माझं चुकलं ते सांगते. शहापूर, म्हणजे आपल्या बेळगावातला विणकरांचा भाग, त्या लेखात यायला पाहिजे होतं. माझ्या घरापासनं दोन गल्ल्या सोडल्या की माग ऐकू येतात, सकाळपासनं ती खटखट कानात असते आणि मध्येच थांबली की कळतं करंट गेला नाहीतर सूत संपलं. 2019 च्या ऑगस्टातला पूर आणि लगेच पाठीवर 2020 चं लॉकडाऊन, त्यात विणकरांच्या घरात काय झालं ते मी बघितलंय, साड्या घडी घालून पडलेल्या, घ्यायला कोण नाही, आणि त्या घरच्या बायका माझ्याकडे यायच्या, फॉल-पिकोचं काही काम असलं तर द्या म्हणून, आणि माझ्याकडेच काम नव्हतं. मी सेलबद्दल लिहायचं म्हणून सेलपुरतंच लिहिलं, साडीचा विषय वेगळा धरला, पण वाचणाऱ्याला 'साडी पण तिथेच घ्या' असं वाटू शकतं हे लक्षात आलं नाही. आज सकाळी लेखात वाक्य घातलंय, साडी आणि खण तिथे घेऊ नका, शहापूरला जा.

पण काका, 'काचेच्या दुकानात पाठवता' यावर मला बोलायचंय, आणि जरा मोठं बोलायचंय.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. 2009 साली धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही पाच बायका सकाळच्या बसनं बेळगावला आलो. एका जुन्या दुकानात चपला काढून गादीवर बसलो, साड्या पसरायला लागले, आईनं तिसऱ्या साडीवर हात ठेवून भाव विचारला. तर तो माणूस भाव सांगायच्या आधी आईच्या पायांकडे बघितला, पिशवीकडे बघितला, आणि म्हणाला, "ते राहू दे मावशी, तुम्हाला परवडेल असलं दाखवतो." आई उठलीच. बाहेर रस्त्यावर येऊन एवढंच म्हणाली, "मी काय पैसं न्हाईत म्हणून आलो व्हतो व्हय?" भात विकलेले पैसे तिच्या कनवटीला होते. बस्ता आम्ही दुसरीकडे बांधला, चांगला बांधला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातनं अजून गेलेलं नाही.

तीच आई मागच्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर त्या स्टोअरमध्ये आली. दोन तास हिंडली. तिला अक्षरं कमी येतात पण आकडे येतात, प्रत्येक टॅग हातात घेऊन आकडा वाचायची, कापड चोळून बघायची, ठेवून पुढे जायची. कुणी विचारलं नाही की घेणार काय नुसतं बघणार. भाचीनं चार कुर्ते ट्रायल रूममध्ये घालून बघितले आणि चारही परत ठेवले, तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. शेवटी आई दोन टॉवेल आणि एक झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हितं भाव लिवलेला असतोय, त्वांड बघून सांगत न्हाईत." मी सेलवर लिहिलं ते या एका वाक्यासाठी लिहिलं. सगळेच जुने दुकानदार तसे नाहीत, मला उधारीवर अस्तर देणारे दुकानदार आहेत आणि त्यांच्यामुळे माझा धंदा उभा राहिलाय. पण लिहिलेला भाव ही गरीब गिऱ्हाइकाच्या बाजूची गोष्ट आहे, आणि ती जिथे मिळते तिथे माणूस जाणारच.

आता तुमचा दुसरा मुद्दा, भाव चढवून उतरवतात. होय, असं होतं. म्हणून तर लिहिलेला भाव वाचता यायला पाहिजे. '50 टक्के + 20 टक्के' बोर्ड लागला की लोक सत्तर समजतात, माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या शिकलेल्या बायकासुद्धा. तसं नसतं. 1299 चा कुर्ता असेल तर आधी निम्मा, साडेसहाशे, आणि मग त्या साडेसहाशेवर वीस टक्के, म्हणजे 520. हे साठ टक्के झाले. 'दोनावर एक फ्री' म्हणजे तीनही एकाच किमतीचे असतील तरच तेहतीस टक्के, आणि फ्री मिळतो तो तिघांतला सगळ्यात स्वस्त, तेव्हा एक भारी आणि दोन हलके उचलले की फायदा तिथेच गेला. तिसरा लागत नसेल तर घेऊच नका.

दुसरं म्हणजे मोठ्या कपड्यांच्या दुकानांत उरलेला माल काढायचे सेल वर्षातनं दोनदा येतात, एक जानेवारी-फेब्रुवारीत आणि एक जुलैच्या आसपास. पाडव्याला रॅकवर असतो तो उन्हाळी माल नुकताच आलेला असतो, मग नवीन मालावर साठ टक्के कुठनं सुटतात? मी काय करते सांगते. एका डिझाइनचे दोनच पीस उरलेत, साइज तुटलेत, एम नाही, एल नाही, तर तो बहुतेक मागचा उरलेला माल, तिथे खरी सूट मिळते. सगळ्या साइजची थप्पी व्यवस्थित लागलेली असेल तर मी कुर्ता उलटा करून शिलाई बघते. चांगल्या कपड्यात बाजूच्या शिवणीला माया, म्हणजे आतल्या बाजूला जास्तीचं कापड, सोडलेली असते, निदान अर्धा-पाऊण इंच, उद्या अंगानं भरलात तर उसवून सैल करता येतो. सेलसाठीच शिवलेल्या बऱ्याच कपड्यांत माया नसतेच, काठाला ओव्हरलॉक मारून सोडलेलं असतं. असला कपडा घेऊन बायका माझ्याकडे येतात, ताई जरा सैल करा, आणि मला नाही म्हणावं लागतं, कापडच नाही तर काय सैल करणार.

एक हक्काची गोष्ट पण लिहून ठेवते कारण ती मूळ लेखात राहिली. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. सूट दिल्यावर बिलात वरनं परत टॅक्स लावला तर विचारा. यावर राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2017 मध्ये निकाल दिलाय की सूट दिलेल्या एमआरपीवर वेगळा कर घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी आहे, पण एमआरपीचा अर्थ तोच आहे. आणि 'सेलचा माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी खराब निघालेल्या मालाला लागू होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत दोष असलेला माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं चुकीचं धरलंय. आवडला नाही म्हणून परत, हे वेगळं, ते दुकानाच्या मर्जीवर. पण फाटका निघाला, रंग गेला तर पावती घेऊन जा. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि काका, हा कायदा गादीवरच्या दुकानाला पण तेवढाच लागू आहे, फक्त तिथे आपण पक्कं बिल मागत नाही.

चादरींबद्दल मी मूळ लेखात कडक लिहिलं होतं, तेच परत लिहिते. 'ग्लेस कॉटन' लिहिलंय म्हणून सुती समजू नका, त्या नावाखाली बहुतेक पॉलिस्टरच असतं, मे महिन्यात अंगाला चिकटतं. मी 499 ची असली एक चादर घेऊन फसले होते. काठातले दोन धागे काढून घरी काडी लावून बघा, सुती असेल तर कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते. टॉवेल आईनं घेतले ते चांगले निघाले, सोलापूरचे होते.

पाडव्याला घरात नवीन भांडं यायला पाहिजे, ते ओळखीच्या भांडेवाल्याकडनंच यावं, असं तुम्ही लिहिलंय. तांब्या-पितळेचं असेल तर माझं पण तेच मत, तो जोखून देतो आणि मोड पण घेतो. कुकर मात्र कुठनंही घ्या, आयएसआयचा मार्क आणि त्याच्याजवळ IS 2347 हा आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका. 1 फेब्रुवारी 2021 पासनं घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे आणि तरी रस्त्यावर, सेलमध्ये, रुखवताच्या सेटमध्ये बिनमार्कचे कुकर मिळतातच. लग्नात आहेर म्हणून दिलेला असला कुकर पोरीच्या हातात फुटला तर? स्टीलला लोहचुंबक लावून बघायची पद्धत आपल्याकडे फार आहे, चिकटला नाही म्हणजे भारी स्टील असं सांगतात. तेवढ्यावर जाऊ नका. निकेल कमी असलेल्या स्वस्तातल्या 202 ग्रेडच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही आणि भारी 304 ला पण नाही. ग्रेड छापलेला बघायचा, आणि नसेल तर त्या भावाला घ्यायचं नाही.

आता पैसा बाहेर जातो, हे. फायदा बाहेर जातो, खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण खडेबाजारात घेतलेली चादर तरी कुठली असते, पानिपतची नाहीतर सोलापूरची. त्या स्टोअरच्या काउंटरवर उभ्या असलेल्या पोरी इथल्याच, जवळच्या येळ्ळूरच्या, कंग्राळीच्या आहेत, त्यातल्या दोघी माझ्याकडे शिवण शिकून गेलेल्या, गिऱ्हाइकाशी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलतात, महिन्याला पगार बँकेत येतो. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की तुम्ही चुकीच्या जागी उभ्या आहात?

आणि शहापूरच्या नावानं शहापुरातच जे विकलं जातं त्याबद्दल तुम्ही का नाही लिहिलंत? हे मी रागानं विचारत नाही, तुमच्या हातातलं काम तुम्हाला माहीत आहे म्हणून विचारते. सुरतेची छापील पॉलिस्टर साडी 'आपल्या मागाची' म्हणून गळ्यात मारतात, पॉवरलूमचं इरकल हातमागाचं म्हणून देतात. माझ्याकडे फॉलला आल्यावर मला कळतं, हातमागाच्या इरकलसारखा पदर जोडलेला नाही, नुसता रंग बदललाय, आणि ती बाई हातमागाचा भाव देऊन आलेली असते. सरकारनं 1985 साली काही वाण हातमागालाच राखून ठेवायचा कायदा केला, साडीचे काही प्रकार त्यात आहेत, पण गिऱ्हाइकाला फरक सांगायला दुकानात कोण बसलंय? पॉवरलूमची साडी वाईट असं मी म्हणत नाही, आपल्या वडगावातली निम्मी घरं त्यावर जगतात, पण पॉवरलूमची आहे असं सांगून विका. सेलवाल्यानं भाव चढवून उतरवला तर चोरी आणि आपल्या माणसानं सूत बदलून विकलं तर व्यवहार, असं मला मानता येत नाही.

माझ्याकडे पाडवा आणि पुढची लग्नं धरून रोज ब्लाउजवाल्या बायका येतात, त्यातल्या खूप जणी विचारतात, ताई खरी मागावरची साडी कुठे घेऊ. मी आजवर गल्ली सांगत आले, घर सांगितलं नाही. आता तुमचं सांगेन. तुमच्याकडे तयार साड्या असतील तर प्रत्येक साडीला कागदाची चिठ्ठी लावून ठेवा, हातमाग का पॉवरलूम, रेशीम किती, सूत किती, आणि भाव. भाव नक्की लिहा, सगळ्यांना एकच. पाडवा 19 मार्चला गुरुवारी आहे, त्याच्या आधीच्या रविवारी मी दुपारी मोकळी असते, तुम्ही हो म्हणलात तर मी येते, आणि आईला पण घेऊन येते, तिला एक साडी घ्यायची आहे, गेल्या वर्षीपासनं राहिली आहे. पत्ता इथे लिहू नका, मला मेसेज करा.