केबल की छत्री? आधी गच्चीवर जाऊन बघा

जुळे सोलापुरात लाईट गेली की केबलही गेलीच! घरात इन्व्हर्टर असून उपयोग काय, खांबावरचा, केबलचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो ना. मग वैतागून लोक डिश अँटेनाची छत्री लावतात, तीही कडुलिंबाच्या फांदीमागं. अहो, दूरदर्शनच्या मोफत फ्री डिश सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सोलापुरातून आग्नेयेला. तिकडचं आभाळ मोकळंच हवं. सप्टेंबरच्या मुसळधार पावसात चित्र फुटणारच, उपग्रहाकडून येणारा केयू बँडचा (खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल पाण्यात विरतो. पण पाऊस थांबल्यावरही चित्र येईना? एलएनबीचा (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) एफ-कनेक्टर, म्हणजे वायर जोडायचा आट्यांचा तुकडा, उघडा, मधली तार हिरवी पडलेली दिसेल. दोन इंच वायर कापा, नवा कनेक्टर लावा, वर रबर टेप, खाली पाणी गळायला वायरचा वळसा. बसवणारे एवढंही करत नाहीत, याचाच संताप येतो!