राष्ट्रपती म्हणजे नुसता रबरी शिक्का?

"मंत्रिमंडळ कागद पाठवतं, राष्ट्रपती सही करतात. रबरी शिक्काच तो, मग पद हवं कशाला?" हा मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून उरलेलं निम्मंही लोकांच्या गळी उतरतं.

मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे मान्य. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते स्पष्ट लिहिलं. पण 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली.

"परत पाठवून काय उपयोग, दुसऱ्यांदा सही करावीच लागते ना?" ऑक्टोबर 1997 आठवा. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावा, अशी शिफारस गुजराल मंत्रिमंडळाने केली. के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली. मंत्रिमंडळाने पुन्हा आग्रह धरला नाही आणि कल्याणसिंहांचं सरकार राहिलं.

"विधेयकावर तरी सही करावीच लागते." घटनादुरुस्तीच्या विधेयकावर करावी लागते, इतरांचं निदान पहिल्या वेळी तसं नाही. लोकांची पत्रं अडवून उघडण्याचे अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक 1986 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. झैलसिंगांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. राजीव गांधींशी त्यांचं बिनसलं होतं, हे खरं. पण त्या विधेयकाचा कायदा झाला नाही तो नाहीच.

आणि शपथ वाचा. मंत्री आणि खासदार संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती संविधानाचं रक्षण करण्याची घेतात. त्यांच्यावर महाभियोग चालतो तोही एकाच कारणासाठी, संविधानाचा भंग.

शिक्का म्हणून वागलं की काय होतं, ते देशाने 25 जून 1975 च्या रात्री पाहिलं. आणीबाणीचा कागद फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आला तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. त्यांनी सही केली. मंत्र्यांना बोलावणं गेलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे. "मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे?" एवढं विचारणं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी विचारायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं. पुढे त्याच 44 व्या दुरुस्तीने हा प्रश्न अनुच्छेद 352 मध्येच घातला. आज तसा कागद रात्री आला आणि सोबत मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय नसेल, तर राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करताच येत नाही.