ऍव्हरेज पडलं की दोष पेट्रोलचाच? वाडीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गणपतीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय, आमच्या वाडीच्या ग्रुपवर तर चार वेळा आला. म्हणणं थोडक्यात असं, मोठ्या गाडीचं ऍव्हरेज पडलं म्हणजे कारण एकच, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल, त्याने ३०-४० टक्के ऍव्हरेज जातं, गाडीत दुसरं काही शोधत बसू नका. आणि उपाय काय, तर पहाटे पेट्रोल भरा, एअर फिल्टर काढून टाका, खड्ड्यांसाठी टायरमध्ये हवा कमी ठेवा, घाट उतरताना न्यूट्रल करा. हा शेवटचा उपाय वाचून मी लिहायलाच बसलो, कारण आपल्याकडची पोरं शनिवार-रविवार आंबा घाट उतरून येतात आणि हे कोणीतरी करून बघणार.

आधी ई२०. ऍव्हरेज कमी होतं हे खरंय, त्यात वाद नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. आता हिशोब करा, २० टक्के इथेनॉल म्हणजे बिनमिश्रणाच्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण ६-७ टक्के कमी, आणि आपण आधी ई१० भरत होतो त्याच्याशी तुलना केली तर फरक ३-४ टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्केच धरलेत. म्हणजे १४ देणारी गाडी १३ वर आली तर पेट्रोलला बोला. ती साडेदहावर आली तर उरलेले अडीच गाडीत शोधायला लागतील. आणि डिझेल गाडीवालेही हाच मेसेज पुढे पाठवतायत! अहो, ई२० हे पेट्रोल आहे, तुमच्या टाकीत ते येतच नाही. बीएस६ डिझेल असेल आणि रोज घर ते बाजार तीन किलोमीटरच चालत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बघा, त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल खाते.

पहाटे भरायचं म्हणे, थंडीत पेट्रोल घट्ट असतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे दिवस-रात्र फारसा फरक नसतो. समजा ५ अंशांचा फरक पडलाच, तरी ४० लिटरमागे २०० मिली. त्यासाठी झोपमोड नको.

आता न्यूट्रल. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) बंद करतो, म्हणजे उतारावर पेट्रोल जळतच नाही, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बरेच खाली आले की मगच परत सुरू होतं. न्यूट्रल केलंत की इंजिनला स्वतःच्या जिवावर फिरत राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त जाळलंत. बरं तेवढंच असतं तर मी एवढा तापलो नसतो, पण न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, सात माणसं आणि सामान घेऊन वळणावळणाने उतरताना ब्रेक तापतात, आपल्या दमट हवेत ब्रेक ऑइल ओलावा धरतं, मग ते लवकर उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. मेसेजमध्ये इंजिन बंदच करा असंही लिहिलंय. तसं केलं तर एक-दोन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं. कृपा करून हे कोणी करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

एअर फिल्टर काढायचा तर विचारही नको, आपल्या जांभ्याची लाल धूळ थेट पिस्टनपर्यंत जाईल. घाण झालेला फिल्टर बदला जरूर, पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत जेवढी हवा येते तेवढंच पेट्रोल कॉम्प्युटर देतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने गाडी ओढत नाही, ऍव्हरेजला त्यामानाने कमी फरक पडतो. टायरमध्ये हवा कमी ठेवली तर ऍव्हरेज पडणारच, दाराच्या खांबावर स्टिकर असतो, टायर थंड असताना तेवढी भरा. आणि कोणी हौसेने २१५/६५ आर१६ मापाच्या टायरच्या जागी २३५/६५ टाकले असतील तर चाक जवळजवळ ४ टक्के मोठं झालंय, १०४ किलोमीटर गेलात तरी मीटर १००च दाखवतो. तिथे ऍव्हरेज नुसतं कागदावर पडतं.

आमच्याच गाडीचं सांगतो. पेट्रोल, १४ च्या आसपास द्यायची, पावसाळ्यानंतर १०.६. स्क्रीनवरचा आकडा नाही हं, एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी फुल, परत फुल, किलोमीटर भागिले लिटर, असं तीन वेळा काढलेलं. एका गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ करून पैसे घेतले, फरक शून्य. मग दादा म्हणाला, पावस गावापर्यंत जाऊन येऊ, ब्रेक कमीत कमी मारू आणि उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघू. टेकवायचा नाही, भाजेल. तीन चाकं कोमट आणि मागचं डावं असं तापलेलं की जवळ जाताच वास. जॅकवर उचललं तर हाताने फिरेना. जुलैमध्ये गाडी तीन आठवडे हँडब्रेक ओढून उभी होती, खाऱ्या हवेने केबल गंजली आणि ब्रेक शू ड्रमला धरून राहिला. म्हणजे दोन महिने आम्ही ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. केबल बदलली, ड्रम साफ केला, पुढच्या टाकीला १३.३. जे उरलं ते ई२० चं, ते मी मान्य करतो.

ब्रेक ठीक निघाले तर पुढे टेंपरेचरचा काटा बघा. अर्धा तास चालवूनही तो मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडाच अडकून राहिलाय, कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि तो जास्त पेट्रोल देत राहतो. आणि टपावरचा कॅरिअर सण झाल्यावर उतरवा, हायवेला तो हवा अडवतो.

आता पावसात गाडी उभी राहणार असली की सपाट अंगणात आम्ही हँडब्रेक ओढत नाही, पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाच्या पुढे-मागे जांभ्याचे दगड लावतो.