निळ्या पिंपाची दंतकथा

कच्च्या तेलाचे भाव चढले की एक मेसेज हमखास फिरतो. या वेळी तो आमच्या मामांकडून आला. म्हणणं असं: बॅरलसाठी 'बीबीएल' लिहितात, त्यातला एक 'बी' म्हणजे 'ब्लू'. अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने पिंपं निळी रंगवली, प्रत्येकात 42 गॅलन तेल भरायचा नियम घातला, आणि तेच लोखंडी पिंप आजही जगभर तेलाचं माप आहे.

मामा, निळा रंग खरा आहे. स्टँडर्ड ऑइलची पिंपं निळी असत. बाकीचं मात्र टिकत नाही.

'बीबीएल'चं पहिलं. स्टँडर्ड ऑइल स्थापन झाली 1870 मध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने खोदलेल्या विहिरीला तेल लागलं आणि तेलाचा धंदा उभा राहिला, तेच मुळी 1859 मध्ये. आणि अठराव्या शतकातल्या अमेरिकी व्यापाऱ्यांच्या कागदांत पीठ, रम, खारवलेलं मांस, सगळं 'बीबीएल'मध्येच मोजलेलं सापडतं. तिथे कसला आलाय निळा रंग? दुसऱ्या 'बी'बद्दल तर्क बरेच आहेत. अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहायची जुनी रीत होती, पृष्ठांसाठी 'पीपी' लिहितात तशी. मला तो तर्क पटतो.

आता 42 गॅलन. हा आकडा रॉकफेलरचा तर नाहीच, तेलाचाही नाही. तो दारूचा आहे. इंग्लंडात तिसऱ्या रिचर्डच्या काळात, 1483-84 च्या सुमारास, वाइनच्या पिंपांची मापं कायद्याने बांधली गेली. सगळ्यात मोठं 'टन', 252 गॅलनचं. त्याचं निम्मं 'पाइप', 126. पाइपचं निम्मं 'हॉग्जहेड', 63. पाइपचा तिसरा हिस्सा 'टिअर्स', म्हणजे 42. आणि 'बॅरल'? साडेएकतीस गॅलन! म्हणजे जुन्या कूपरला (लाकडी पिंपं बांधणाऱ्या कारागिराला) आजचं तेलाचं बॅरल दाखवलं असतं, तर तो म्हणाला असता, हे बॅरल कुठलं, हे टिअर्स. जाता जाता, जहाजाचं 'टनेज'ही इथलंच: जहाजात वाइनची किती 'टन' पिंपं मावतात, त्यावरून.

मग तेलाला टिअर्स का? ड्रेकच्या विहिरीनंतर तेल एवढं उसळलं की मिळेल ते पिंप वापरलं गेलं: व्हिस्कीचं, बिअरचं, मासळीचं, काकवीचं. एकाचं माप दुसऱ्याला जुळेना. शेवटी 1866 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच ऑइल क्रीक भागातल्या तेल उत्पादकांनी ठरवलं की दर 40 गॅलनांमागे 2 गॅलन गिऱ्हाइकाच्या बाजूने सोडायचे. आपला वाणी झुकतं माप देतो ना, तेच. लाकडाच्या फळ्यांतून वाटेत तेल झिरपायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाची कुरकुर असायचीच. 1872 मध्ये उत्पादकांच्या संघटनेने 42 वर शिक्कामोर्तब केलं. शिवाय भरलेलं टिअर्स तीनशे पौंडांच्या वर जातं. एका गड्याला जेमतेम रेटता येईल एवढं. पोट फुगीर असल्यामुळे आडवं घरंगळवताना ते जमिनीला थोडंसंच टेकतं आणि सहज वळतं. ही सगळी अक्कल कूपरची. रॉकफेलरचं श्रेय वेगळं आहे. त्याने स्वतःचा पिंपांचा कारखाना काढला, ओकचं लाकूड भट्टीत वाळवून घेतलं आणि अडीच डॉलरचं पिंप एक डॉलरच्या आत आणलं. माप मात्र त्याला आयतं मिळालं.

लोखंडी पिंपाचं थोडक्यात सांगतो. ते 55 अमेरिकी गॅलनचं, म्हणजे सुमारे 208 लिटरचं. त्याची पेटंटं 1905 ची. बाजारातलं बॅरल 159 लिटरचं. दोन्हींचा मेळ नाही. आणि कच्चं तेल आता टँकर जहाजांतून आणि नळांतून जातं. बॅरल उरलंय ते हिशेबात.

राहता राहिला आपला शब्द. मराठी 'पिंप' पोर्तुगीज 'पिपा'वरून आला, आणि इंग्रजांचं 'पाइप' हे त्या पिपाचंच भावंड. त्या जुन्या कोष्टकाने गेलं तर एका पिंपात तेलाची तीन बॅरलं मावतात. मामांच्या न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात एकसुद्धा मावायचं नाही.