वणवा, वळीव आणि वरवंटा

आमच्या घरात एक वरवंटा आहे. पाटा नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यातून निघताना माझ्या आजीनं घाईघाईत जे उचललं ते हे. पाटा जड म्हणून मागे राहिला आणि मुठेच्या पाण्याबरोबर कुठं गेला ते मुठेलाच ठाऊक. आता चटणी मिक्सरमध्ये होते आणि वरवंटा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर निवृत्त होऊन बसलाय. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी विशीत होते. घरात कुणीही आपत्ती हा विषय काढला की ते एवढंच म्हणतात, "आम्ही पानशेत पाहिलंय." झालं, विषय संपला.

माझा भाचा मात्र हे मानत नाही. तो कॅलिफोर्नियात असतो. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले. तो त्या शहरापासून बराच लांब राहतो, पण तेव्हापासून त्यानं चंग बांधला की मामाचं घर वाचवायचं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. "मामा, तुझ्या घरामागं टेकडी आहे. टेकडीवर गवत आहे. तयारी काय?"

टेकडी आहे हे खरं. कोथरूडला अगदी पायथ्याशी, चौथा मजला, वर आमच्या हक्काची गच्ची. बिल्डरनं 'हिल व्ह्यू'चे वेगळे पैसे लावले होते. पावसाळ्यात ते वसूल होतात. डिसेंबरपासून गवत वाळतं, गिरिपुष्पाची पानं झडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी विडीचं थोटूक टाकतं. किंवा कुणा शहाण्याला वाटतं की आत्ता गवत जाळलं तर पुढच्या साली जोमानं येईल. मग तो जादा पैशांचा व्ह्यू रात्री आठ वाजता पेटलेला दिसतो आणि सगळी सोसायटी गॅलरीत येऊन व्हिडिओ काढते.

भाच्याचा पहिला धडा असा, की त्यांच्याकडे घराभोवती 100 फुटांपर्यंत वाळलेलं काही राहू द्यायचं नाही, आणि घराला लागून असलेल्या पहिल्या 5 फुटांत तर फार कडक. मी टेप घेऊन खाली उतरलो. आमच्या 100 फुटांत दोन सोसायट्या, एक मारुती, एक अमृततुल्य आणि अर्धी अभ्यासिका येते. वरच्या मजल्यावर मोजलं तर पहिल्या 5 फुटांत शेजारचे आजोबा येतात. तब्येतीनं ते वाळकेच आहेत, पण त्यांना हलवणं आमच्या उपविधींत बसेना.

"ते सोड," भाचा म्हणाला. "आग चालत येईलच असं नाही, ठिणगी उडत येते. गच्चीवर काय आहे ते दाखव."

मी कॅमेरा फिरवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आमच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड आहे. तिच्याखाली एक कूलर, ज्यातलं वाळ्याचं गवत आता घरट्याच्या लायकीचं झालंय. दोन दरवाजे, कुठल्या खोलीचे ते विचारू नका, घरातल्या सगळ्या खोल्यांना दरवाजे आहेत. रंगाचे रिकामे डबे, त्यांत वाळलेले ब्रश. माझी तीनचाकी सायकल, हल्ली दोनचाकी. थर्माकोलचं मखर, जे 2018 मध्ये बंदी आली म्हणून वापरायचं थांबवलं आणि बंदी उठली तर असावं म्हणून ठेवलं. रद्दी. आणि या सगळ्यावर टेकडीवरून उडून आलेला पाचोळा, जो पुढं वाऱ्यानं सरकत सरकत पावसाच्या पाण्याच्या जाळीवर जाऊन बसतो. म्हणजे मार्चमध्ये जे पेटणार तेच जूनमध्ये तुंबणार. एकाच कचऱ्यात दोन्ही ऋतूंची सोय पाहणारं घराणं आमचं.

मी भंगारवाल्याला बोलावलं. अण्णा त्याच्याआधी गच्चीवर पोचले होते आणि कूलरवर बसले होते. "असू दे. कधीतरी लागेल," हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "अण्णा, लागेल म्हणूनच काढतोय. आग." त्यांनी पानशेत काढलं. शेवटी तडजोड झाली ती अशी: दरवाजे राहिले, सायकल राहिली, कूलर अण्णांसकट राहिला. रद्दी आणि डबे गेले. मखराकडे भंगारवाल्यानं नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे न्यायचे तुम्ही मला पैसे द्यायचे." पुण्यात येऊन त्यानं पुणेकरालाच भाव सांगितला, म्हणून मी आदरानं दिले.

पुढच्याच आठवड्यात टेकडी पेटली. रोज सकाळी फिरायला जाणारी मंडळी हिरव्या फांद्या तोडून गवत झोडपत होती. मीही गेलो. आग चढावर झरझर पळते, कारण वरचं गवत खालच्या धगीनं आधीच तापून तयार असतं, हे मला भाच्यानं शिकवलं होतं. म्हणून मी उताराच्या बाजूला उभं राहून इतरांना ते समजावून सांगत होतो. एक बाई म्हणाल्या, "माहिती नंतर द्या, आधी फांदी द्या." फांदी दिली. अग्निशमन दलाला 101 वर फोन केव्हाच गेला होता. जवान आले, तासाभरात आग विझली. टिटव्या मात्र रात्रभर ओरडत होत्या. त्यांची अंडी जमिनीवरच असतात.

सकाळी गच्चीवर हिनं घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर बारीक काळी राख पडली होती. शेजारच्या काकू कठड्यावरून डोकावून म्हणाल्या, "अय्या, यंदा मिरी घातलीत वाटतं!" ही काही बोलली नाही. त्यातल्या पापड्या त्यांच्याकडे वाटी भरून गेल्या एवढंच मला ठाऊक आहे.

त्या वणव्याची धग होती तोवर सोसायटीत मीटिंग झाली. जिन्यातलं लाल नळकांडं प्रथमच सगळ्यांनी नीट पाहिलं. आजवर त्याच्यावर दुधाची पिशवी अडकवली जायची. माहिती देणारा मुलगा आला. पिन ओढा, नळी ज्वाळेवर नको, आगीच्या बुडाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखं फिरवा. सोपं होतं. फक्त पिनच निघेना. कुणीतरी ती तारेनं करकचून बांधली होती, पोरं ओढतात म्हणून. त्यावरच्या चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख होती, ती माझ्या मुलीच्या दहावीच्या आधीची. मुलगी आता नोकरीला आहे.

मग गुलमोहर. हे झाड दिसायला देखणं, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ कोकणात धडकलं आणि इथवर वारा सुटला, तेव्हा त्याची एक फांदी माझ्या स्कूटरवर येऊन विसावली होती. फांद्या छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. ती रीतसर मिळाली. सोसायटीची मिळाली नाही. खालच्या मजल्यांना सावली हवी, वरच्यांना स्कूटर. अडीच तासांनी ठरलं की यावर उपसमिती नेमावी.

आता पिशवीबद्दल. भाच्याचं म्हणणं, दाराशी एक पिशवी तयार हवी, आपत्ती आली की तेवढी उचलायची आणि निघायचं. मी एक सॅक घेतली. त्यात आधार कार्डांच्या झेरॉक्स, विम्याचे कागद, बॅटरी, पॉवर बँक, औषधं, पाण्याच्या बाटल्या. अण्णांनी पेन्शनचे 1998 पासूनचे कागद घातले. हिनं घराचं अ‍ॅग्रीमेंट, मंगळसूत्राची पावती, आणि "कुठं राहायची वेळ आली तर लोकांच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं" म्हणून चिवडा. तीन दिवसांनी गोडा मसाला. शेवटी अण्णांनी वरवंटा आणला. आईनं घेतला होता, मग तो पुन्हा न्यायचा, असा सरळ हिशेब. त्यानंतर ती सॅक उचलायला दोन माणसं लागू लागली. भाच्याला मी वजन सांगितलं नाही.

मे महिन्यात हिनं कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. घरात त्या आठवड्यात दुसरं सरकार नसतं. मी त्याच दिवशी गच्चीवरचा पाचोळा झाडून जाळी साफ केली होती आणि स्लायडिंगच्या खिडक्यांची पाणी जायची भोकं हिच्या आकड्यानं मोकळी केली होती. वाकडा आकडा परत दिल्याबद्दल वेगळं ऐकलं.

दुपारी मोबाइलवर इशारा आला: मेघगर्जनेसह पाऊस, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगानं वारे. मी वाचून दाखवला. "शिमला ऑफिस काय म्हणतं?" अण्णांनी विचारलं. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं. ते पुढं दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिसच म्हणतात. मी म्हटलं, "तेच म्हणतंय." अण्णांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. "ऊन आहे. कुरडयांना चांगलं."

साडेचारला पश्चिमेला काळं झालं. पावणेपाचला धुळीचा लोट टेकडीवरून उतरला आणि पाच वाजायच्या आत गारांसकट वळीव. दिवे गेले. भाच्यानं शिकवलेला एकही धडा कुणाला आठवला नाही. सॅक दाराशी जिथल्या तिथं राहिली. ही, मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा, तिघंही खाली पळायचं सोडून वर गच्चीकडे पळालो. परातीत, टोपल्यात, हिच्या पदरात, माझ्या बनियनमध्ये मिळतील तेवढ्या कुरडया भरल्या. शेडचा एक पत्रा उडून अमृततुल्याच्या दिशेनं गेला.

पाऊस अर्ध्या तासात ओसरला, पण गच्चीवर घोट्याच्या वर पाणी. जाळी मी सकाळीच साफ केलेली. मी पाण्यात हात घालून चाचपडत कोपऱ्यात गेलो. कुरडयांखालचा प्लॅस्टिकचा कागद जाळीवर घट्ट बसला होता. इतका घट्ट, की वाऱ्यानं हलला नाही, पाण्यानंही नाही. कागद उडू नये म्हणून त्याच्या टोकावर कुणीतरी काहीतरी जड ठेवलं होतं. मी ते उचललं.

अण्णा जिन्याच्या दारात छत्री धरून उभे होते.

"सापडला?" ते म्हणाले. "मी सॅकमधून काढून ठेवला होता. उगाच त्यात पडून होता."