बाटली बदलली म्हणून अ‍ॅलर्जी टळत नाही

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘मुलांच्या अ‍ॅलर्जीचं मूळ सापडलं! प्लॅस्टिकमधलं बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे रसायन हार्मोन्स बिघडवतं. बीपीए-फ्री बाटली आणा, डिटॉक्स काढा पाजा, गरम दूध प्लॅस्टिकमध्ये ओतू नका, शेंगदाणा-अंडं तीन वर्षं बंद.’

मूळ सापडलं? नाही. संशय आहे, आणि तो पोकळ नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ५६८ मायलेकरांचा अभ्यास २०१३ मध्ये छापला. ज्या मुलांच्या लघवीत बीपीए जास्त, त्यांच्यात पुढे दमाही जास्त. पण गरोदरपणी आईच्या लघवीत बीपीए जास्त होतं, तिथे मुलाच्या पाचव्या वर्षी छातीतली घरघर उलट कमी! हे मेसेजमध्ये कुठे आहे?

काढ्याचं तर सोडाच. बीपीए काही तासांत आपलं आपणच लघवीवाटे निघून जातं. अडचण ही की ते रोज नव्याने पोटात जातं.

बाटलीवर ‘बीपीए-फ्री’ छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. दूधबाटल्यांत बीपीए युरोपने २०११ मध्ये, अमेरिकेने २०१२ मध्ये बंद केलं. आपल्या मानक ब्युरोनेही २०१५ मध्ये. म्हणजे जे नसायलाच हवं, ते नसल्याची जाहिरात.

शिवाय नजर नुसती बाटलीवर का? स्वीडनमध्ये २००४ साली संशोधकांनी मुलांच्या खोल्यांतली धूळ तपासली. पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स नावाची रसायनं तिच्यात सापडली. त्यांतल्या एकाचा संबंध दम्याशी, दुसऱ्याचा सर्दी-इसबाशी दिसला. रांगतं बाळ धुळीतच हात घालून तोंडात घालतं. ओल्या फडक्याने फरशी पुसणं त्यामानाने स्वस्त.

शेंगदाण्याचा सल्ला मात्र घातक. लंडनमध्ये ६४० बाळांवर चाचणी झाली, सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. निम्म्यांना अकरा महिन्यांच्या आतच शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत बंद. निकाल २०१५ मध्ये आला: टाळणाऱ्यांत सुमारे १७ टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. अख्खा दाणा घशात अडकू शकतो, म्हणून बारीक कूट पातळ करून द्यायचं. इसब जोरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

गरम दुधाची ओळ तेवढी खरी, मावशी. पण त्यासाठी नवी बाटली कशाला? आम्हाला तू वाटी-चमच्यानेच पाजलंस ना?