रक्ताच्या टेस्टआधी घरातलं विचारा

डिप्रेशन उद्या रक्ताच्या टेस्टवरून ओळखता येईल असं एका लेखात वाचलं, येऊ दे, पण ही आशा आधी एकदा लावून झालीय. अमेरिकेतल्या आयोवाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज विनोकर यांनी घरच्या इतिहासावरून डिप्रेशनचे तीन गट पाडले होते, नातेवाइकांत फक्त डिप्रेशन, नातेवाइकांत दारूचं व्यसन वगैरे, आणि घरात कोणालाच काही नाही. मग डेक्सामेथासोन टेस्ट आली, रात्री ११ ला या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन बघायचं, ते एरवी दबतं, पण बऱ्याच पेशंटमध्ये दबत नाही. पहिल्या गटात हे जास्त दिसलं म्हणून १९८० च्या आसपास केवढा उत्साह! नंतर कळलं की वजन घटलं, दारू नुकतीच सुटली किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असला तरी रिपोर्ट तसाच येतो, मग टेस्ट मागे पडली.

पण घरातला इतिहास अजून कामाचाच आहे हो. आईवडील किंवा भावंडांना असेल तर धोका साधारण दोन-तीन पट, तरी होणारच असं अजिबात नाही. आपल्याकडे गिरगाव काय डोंबिवली काय, स्थळं बघताना ही माहिती दाबून ठेवतात आणि मग डॉक्टरसमोरही तेच, 'घरात कोणाला काही नाही'. प्लीज असं करू नका, काकांना बायपोलर (कधी डिप्रेशन, कधी अति उत्साह असा आजार) होतं हे एवढं एक सांगितलं तरी डॉक्टर गोळी वेगळा विचार करून देतात, कारण नुसत्या अँटीडिप्रेसंटने तिथे उलट मॅनिया, म्हणजे तो अति उत्साह, उसळू शकतो.